सासर हनफी, माहेर शाफई: सोड्यांचं काय करू?

हर्णैची_लेक:
अस्सलामु अलैकुम. माझं माहेर हर्णै, लग्न होऊन सोलापुरात आले. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, सासरचे हनफी, म्हणजे सुन्नींचेच दोन वेगळे मजहब (धर्मनियमांच्या परंपरा). माहेरी कोलंबी, तिसऱ्या, कालवं सगळं खातात. पावसाळ्याआधी अम्मा सोडे (सोलून सुकवलेली कोलंबी) आणि जवळा (सुकवलेली बारीक कोलंबी) पाठवते. यंदा डबा उघडला तर सासूबाई म्हणाल्या, "बेटा, हे आपल्यात चालत नाही. तू खा, पण आमच्या पातेल्यात नको." रागानं नाही, काळजीनंच बोलल्या. नवरा म्हणतो, आता आमचीच पद्धत धर. लग्नानं मजहब बदलतो का? आणि भांडं खरंच वेगळं हवं का? त्यांचं मन मला दुखवायचं नाही. पण सोडे घातलेलं वांगं कायमचं सोडायचं, हेही पटत नाही.

मिरजवाला:
वालैकुम अस्सलाम ताई. मी हनफी. लग्नामुळे मजहब बदलावा लागत नाही, नवऱ्यानं तसा आग्रहही धरू नये. आमच्यात पाण्यातला फक्त मासा हलाल, तोही आपोआप मरून वर तरंगणारा नाही. तिसऱ्या, कालवं, खेकडा नाहीच. कोलंबीवर मात्र आमच्याच उलेमांचं (धर्मपंडितांचं) एकमत नाही. आमच्यातलेच मोठे आलिम मौलाना अशरफ अली थानवींनी तिला माशात धरून परवानगी दिली. इतर काही म्हणतात, ती मासा नाही, टाळावी. आमच्या घरात अब्बा खातात, चाचा हात लावत नाहीत, आणि दस्तरखान एकच असतो.

राजापूरचे_चाचा:
बेटी, आपला आधार सूरह माइदाची ९६ वी आयत: समुद्रातली शिकार आणि तिथलं अन्न तुमच्यासाठी हलाल. हदीसमध्येही आहे की समुद्राचं पाणी पाक आणि त्यातलं मेलेलं हलाल. पण "शाफईंना सगळं चालतं" असं सासरी ठासून सांगू नकोस. कुर्ल्यांवर आपल्यातही वाद आहे. आपले मोठे शाफई आलिम इमाम नववींनी एका ठिकाणी खेकडा पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहतो म्हणून मना केला, दुसरीकडे बेडूक सोडून समुद्रातलं सगळं हलाल ठरवलं. सोडे-जवळ्याला मात्र ही अडचण नाही, बिनधास्त खा.
पातेल्याचं म्हणशील तर कोलंबी नापाक नव्हे. घासून धुतलं की झालं.

उरणची_आपा:
चाचा म्हणतात ते बरोबर. तरी मी तुझ्या जागी असते तर एक छोटी कढई वेगळी ठेवली असती. सासूबाईंनी "तू खा" म्हटलंय, हे किती मोठं आहे बघ! अशी मोकळीक प्रत्येक घरात मिळत नाही. त्यांच्यासाठी अम्माकडून सुके बोंबील मागव. तो मासाच, त्यांनाही चालेल.

हर्णैची_लेक:
जज़ाकल्लाह सगळ्यांना. बोंबील त्यांना फार आवडतात! उद्याच कढई आणते. अजून एक: कोलंबी तळून उरलेल्या तेलात त्यांचे बोंबील तळले तर?

मिरजवाला:
तसं नको ताई. तेलात अंश उतरतो. जे कोलंबी टाळतात त्यांच्यासाठी ताजं तेल घ्या, किंवा आधी बोंबील तळा आणि मग कोलंबी.