स्वतःच्या भरवशावर लिहिणाऱ्यांनो, तुमचे अनुभव सांगा

ऑनलाइन लिहून पोट भरायला लागून मला यंदा ११ वर्षं झाली. परवा एका मुलीनं विचारलं, "मलाही नोकरी सोडून लिहायचंय, सुरुवात कुठून करू?" मी तिला लेखनाबद्दल सांगायला लागले आणि मध्येच थांबले. मला जे महागात पडलं होतं, ते लेखन नव्हतंच. म्हणून हा धागा.

माझ्यापासून सुरुवात करते. पहिली तीन वर्षं मी शब्दावर पैसे घ्यायचे. हिशेब सरळ होता: तासाला ५०० शब्द होतात, आठ तास बसले की ४,०००. महिनाअखेरीस मात्र त्याच्या निम्मेही पैसे जमत नसत आणि मी स्वतःला आळशी ठरवून मोकळी व्हायचे. शेवटी महिनाभर एका वहीत दर अर्ध्या तासाला काय केलं ते लिहून ठेवलं. प्रत्यक्ष लेखन दिवसाला साडेतीन तास निघालं. उरलेला वेळ ईमेलना उत्तरं देणं, विषय समजून घेणं, संदर्भ वाचणं, दुरुस्त्या, बिलं पाठवणं, थकलेल्या बिलांची आठवण करणं आणि नवं काम शोधणं यात जात होता. यातलं एकही काम टाळण्यासारखं नव्हतं. दर ठरवताना मात्र मी ते धरतच नव्हते. आजारपण आणि सुट्ट्याही धरत नव्हते. आता वर्षाचे ५२ नाही, ४४ आठवडे धरते. नवा दर सांगितला तेव्हा तीनपैकी एक ग्राहक गेला, दोन राहिले. आधीच सांगितलं असतं तर बरं, असं त्या दोघांकडे पाहून वाटलं.

आता तुम्ही सांगा. खरंच अंगावर आलं असेल ते सांगा.

*

ताई, माझा दर ठीक होता, ग्राहक मात्र एकच होता. म्हणजे तसे चार होते, पण पाऊण कमाई एकाकडूनच यायची, सलग सहा वर्षं. मग एका संध्याकाळी चार ओळींचा ईमेल आला: पुढच्या महिन्यापासून बाहेरून लेखन घेणार नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. करारात पंधरा दिवसांची सूचना लिहिलेली होती आणि तो वाचून मीच सही केली होती.

पैशांपेक्षा जास्त टोचलं ते वेगळंच. सहा वर्षांत मी एकाही अनोळखी संपादकाला पत्र लिहिलं नव्हतं. कसं लिहायचं हेही विसरलो होतो. बसून लिहायचो, खोडायचो, पाठवायचोच नाही. पुन्हा नीट काम मिळायला पाच महिने लागले. तेव्हापासून कितीही काम असलं तरी दर सोमवारी सकाळी दोन नव्या लोकांना लिहितो. बहुतेकांचं उत्तर येत नाही. आणि कुणा एकाकडून तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कमाई व्हायला लागली की मला झोप लागत नाही.

*

मी घोस्टरायटिंग करते, म्हणजे दुसऱ्याच्या नावानं लिहून देते. एका कार्यक्रमात वक्त्यानं माझा परिच्छेद शब्दशः वाचला, टाळ्या पडल्या आणि मी तिसऱ्या रांगेत बसले होते. आठवडाभर कशात लक्ष लागलं नाही. पैसे वेळेवर मिळाले होते, माणूस सज्जन होता, तरी लागलं. हे कुणाला सांगावं असंही वाटत नव्हतं, कारण हे काम मीच पत्करलं होतं.

नंतर करार नीट वाचायला शिकले. १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात सामील असलेल्या देशांत स्वामित्वहक्कासाठी, म्हणजे कॉपीराइटसाठी, नोंदणी लागत नाही. मजकूर लिहिला की हक्क आपोआप येतो. तो दुसऱ्याला देतो ते आपण, सही करून. म्हणून आता दोन ओळी आग्रहानं घालून घेते. पहिली, नव्या ग्राहकाला हे काम खासगीत नमुना म्हणून दाखवता येईल. दुसरी, पूर्ण पैसे मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील. एकानं तीन महिने बिल थकवलं होतं. त्याला मी न भांडता दुसरी ओळ दाखवली, दोन दिवसांत पैसे आले.

*

मनगटं सांभाळा. पलंगावर लॅपटॉप घेऊन दोन वर्षं लिहिलं, मग सहा आठवडे पेनसुद्धा धरता येईना. डोळ्यांसाठी २०-२०-२० पाळते: दर २० मिनिटांनी, २० फुटांवरच्या वस्तूकडे, २० सेकंद.

*

वरचं सगळं पैशांचं आणि करारांचं आहे, मला थोडं वेगळं सांगायचंय. आई आजारी होती तेव्हा मी दोन वर्षं तिच्या खोलीत बसून लिहिलं. नोकरी असती तर हे जमलं नसतं, लोक मला नशीबवान म्हणायचे आणि ते खरंही होतं. पण ती काही सांगायला लागली की मी "हो, हो" म्हणत टाइप करत राहायचो. ती म्हणायची, "चालू दे तुझं." आजही ते तीन शब्द कानात आहेत. त्या दिवसांतल्या कुठल्याच मुदती आता आठवत नाहीत.

आता मुलगी खोलीत आली की लॅपटॉप मिटतो. उघडा ठेवून नुसतं तिच्याकडे वळत नाही, पूर्ण मिटतो.

*

मी वस्तूंची वर्णनं लिहायचो, दिवसाला तीस-तीस. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि वर्षभरात ते काम संपलं. रडून झालं. मग लक्षात आलं की त्या वस्तू मी कधी हातातही घेतल्या नव्हत्या. आता माणसांना भेटून, त्यांचं काम बघून लिहितो. एका लेखाला आठवडा लागतो, कमाई अजून पूर्वीइतकी नाही. पण मी प्रश्न विचारतो तेव्हा समोरचा क्षणभर थांबून विचार करतो, त्या क्षणासाठी मी हे काम सोडणार नाही.

*

माझं छोटंसं. ज्या संकेतस्थळावर मी नियमित लिहायचे ते बंद झालं. लोकांची वेबपानं ठेवणारी जिओसिटीजसारखी अवाढव्य जागाही २००९ साली मिटली होती, हे मला माहीत होतं. तरी माझ्याकडे प्रती नव्हत्या. इंटरनेट अर्काइव्ह १९९६ पासून वेबपानं जपतंय, तिथे शोधलं. ४० पैकी १७ लेख सापडले. आता प्रत्येक लेखाच्या तीन प्रती ठेवते, त्यातली एक घराबाहेर.

न सापडलेल्यांत एक आजोबांवरचा होता. तो आठवून पुन्हा लिहितेय. दोन परिच्छेद झालेत, तिसऱ्यात त्यांचा आवाज अजून सापडत नाहीये.