अनुभव धागा : तो गेम धरायचा की नाही?

गेम संपतो, श्रेयनामावली सरकत असते, कंट्रोलर मांडीवर ठेवून आपण नुसते बसून राहतो. आणि काही वर्षांनी कुणीतरी सांगतं, "तो धरू नकोस, तो कॅनन नाही." म्हणजे मालिकेच्या कथेत ते घडलंच नाही. जुन्या पोथ्यांत मागाहून शिरलेल्या ओव्यांना प्रक्षिप्त म्हणतात, तसा तो अख्खा गेम प्रक्षिप्त ठरतो. पोथीच्या बाबतीत निदान अभ्यासक पाठभेद समोर ठेवून वाद घालतात. इथे कधी मुलाखतीतलं एक वाक्य पुरतं, कधी कालक्रमाच्या तक्त्यातून एक ओळ गुपचूप नाहीशी होते.

अशा एखाद्या स्पिन-ऑफवरून, म्हणजे मुख्य मालिकेच्या बाजूला काढलेल्या गेमवरून, तुमचा कधी वाद झाला असेल तर इथे लिहा. निवाडा नाही दिलात तरी चालेल, तुमच्यावर काय गुजरलं ते हवं आहे. रहस्यभेद होणारच, ते धरूनच वाचा.

आधी माझं. मेटल गिअर सॉलिड : पोर्टेबल ऑप्स, पीएसपी या हातात धरायच्या यंत्रावरचा २००६ चा गेम. तिसऱ्या भागातल्या १९६४ च्या मोहिमेनंतर सहा वर्षांनी नायक बिग बॉस कोलंबियातल्या सान हिएरोनिमो द्वीपकल्पावर अडकतो. फौज नाही, पाठबळ नाही. मग शत्रूच्याच सैनिकांना बेशुद्ध करायचं, फरफटत ट्रकपर्यंत न्यायचं आणि आपल्या बाजूला वळवायचं. ते फरफटणं इतकं वेळखाऊ होतं की मिळालेला प्रत्येक माणूस कमावलेला वाटायचा. आणि मोहिमेत मेला की कायमचा गेला. पहिल्याच दिवशी ओढून आणलेला एक साधा पहारेकरी मी शेवटपर्यंत जगवला. त्याच्यात विशेष गुण काही नव्हता. मी त्याला धोक्याच्या जागी पाठवतच नसे.

२०१० मध्ये त्याच मालिकेतला पीस वॉकर आला. त्यात सान हिएरोनिमोचा ओझरता उल्लेख आहे, तोही तिथली ती सगळी घाण आता मागे टाकता येईल अशा अर्थाचा. त्या एका वाक्यावर मी आणि माझा मित्र दोन वर्षं भांडलो. तो म्हणायचा, झटकून टाकलं बघ. मी म्हणायचो, मागे टाकायचं तर आधी घडावं लागतं. त्याचा मोठा मुद्दा असा की मालिकेचे जनक हिदेओ कोजिमा पोर्टेबल ऑप्सचे निर्माते होते, दिग्दर्शक नव्हते, आणि पीस वॉकर त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. पण दोन्ही गेम त्याच छोट्या यंत्रावरचे, दोघांच्याही नावात आकडा नाही. तरी एक घरात आणि दुसरा वळचणीला? मालिकेच्या २०१३ च्या लेगसी कलेक्शन या संग्रहामध्येही पीस वॉकर होता, पोर्टेबल ऑप्स नव्हता. मला हे आजही पटलेलं नाही.

०००

माझं दुखणं जरा उलटं आहे. झेल्डा मालिकेतला हायरूल वॉरियर्स : एज ऑफ कॅलॅमिटी, नोव्हेंबर २०२०.

त्याच मालिकेतला आधीचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड ज्यांनी खेळला त्यांना माहीत आहे, की आपण जागे होतो तेव्हा सगळं हरून शंभर वर्षं झालेली असतात. मीफा, डारुक, रेवाली, उर्बोसा, आपले चौघे लढवय्ये साथी, चौघेही गेलेले. त्यांचे आत्मे भेटतात, आठवणींचे तुकडे भेटतात, पण ते हरले कसे हे पूर्ण कधीच दिसत नाही. आणि मग घोषणा झाली की शंभर वर्षांपूर्वीच्या त्या युद्धावर नवा गेम येतोय. मी स्वतःला तयार केलं. मला मीफाचा शेवट बघायचा होता. ऐकायला विचित्र वाटेल, पण जिच्या मृत्यूचं दुःख मी तीन वर्षं बाळगलं होतं तिच्याजवळ त्या क्षणी असायचं होतं.

आणि ऐन त्या क्षणी भविष्यातून सिडॉन येतो आणि बहिणीला वाचवतो. इतर तिघांकडेही तसेच मदतीला धावून येणारे येतात. कुणीच मरत नाही. कथा दुसऱ्याच फाट्यावर निघून जाते.

माझा धाकटा भाऊ शेजारी बसून रडत होता, आनंदाने. सिडॉनला बहीण परत मिळाली, एवढंच त्याला दिसत होतं. मी मात्र चिडले. दोन दिवस आम्ही धड बोललो नाही. तो म्हणाला, "ताई, पहिल्याच दृश्यात तो छोटा गार्डियन काळात मागे जाताना दाखवलाय. तुला फसवलं कुणी?" त्याचं हे खरं आहे. दृश्य तिथे आहे, मीच त्याकडे दुर्लक्ष केलं. तरीही जाहिरात बघून मी ज्या कथेसाठी थांबले होते ती ही नव्हती, यावर मी ठाम आहे. वेगळा फाटा काढायला माझी हरकत नाही. तो फाटा आहे हे आधी सांगा.

भावासोबत तो प्रसंग मी नंतर पुन्हा बघितला. सिडॉनचा आवाज कापतो तिथे मलाही रडू आलं, हेही लिहून ठेवते.

०००

किंगडम हार्ट्स. पहिला भाग संपवला आणि थेट दुसरा लावला. मधला चेन ऑफ मेमरीज (२००४) गेम बॉय ॲडव्हान्सवर आला होता, पत्त्यांनी लढायचा, म्हणून मी तो 'साइड गेम' समजून सोडला. दुसऱ्या भागात नायक सोराच नाही. तासन् तास कुणी रॉक्सस नावाचा मुलगा. मला वाटलं डिस्कच चुकीची आलीय. सोरा झोपलेला का आहे, त्याच्या आठवणींचं काय झालं, हे सगळं मी सोडलेल्या त्या छोट्या गेममध्ये होतं. पुढे डीएसवरचा ३५८/२ डेज आणि पीएसपीवरचा बर्थ बाय स्लीप आले तेव्हा मात्र मी काहीच सोडलं नाही. यंत्र लहान म्हणून कथा दुय्यम, हा हिशेब आपणच मांडतो, बनवणाऱ्यांनी तो कधीच मांडला नव्हता.

०००

धागाकर्त्याचा तो मित्र म्हणजे मी. पहारेकऱ्याचं मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं भांडलास, कालक्रम काढून दाखवलेस, मुलाखती वाचून दाखवल्यास, आणि ही एक गोष्ट सांगितली नाहीस? मत बदललेलं नाही माझं, कोजिमांनी दिग्दर्शित केला नाही तो गेम मी मुख्य कथेत धरत नाही. पण तुला हसलो होतो ते चुकलंच.

०००

अणुयुद्धानंतरच्या जगातल्या फॉलआउटवर कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहितो. जरा लांबेल.

न्यू व्हेगास २०१० चा. आकड्याच्या रांगेत तो नाही. तिसरा भाग बेथेस्डा कंपनीचा, हा ऑब्सिडियन या दुसऱ्या कंपनीने केला, आणि त्या चमूत जुन्या फॉलआउटवर काम केलेली काही माणसं होती. म्हणून आमच्यापैकी पुष्कळांना हाच खरा वारस वाटतो. त्यातली कथा २२८१ मधली. न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिकचे सैनिक वाळवंटात येऊन पडलेत, घराच्या आठवणी काढतात, करांबद्दल कुरकुरतात. त्यांच्या मागे एक जिवंत देश उभा आहे हे त्या बोलण्यातूनच कळतं. आणि त्या देशाची मुळं शेडी सँड्स या गावात. १९९७ च्या पहिल्या फॉलआउटमध्ये मी तिथे गेलो होतो तेव्हा ती मातीच्या घरांची लहानशी वस्ती होती. तिचं राज्य झालेलं ऐकणं, तेही सामान्य शिपायांच्या तोंडून, ही माझ्यासाठी त्या मालिकेतली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

२०२४ मध्ये फॉलआउटवरची दूरचित्र-मालिका आली. त्यात शाळेतल्या फळ्यावर लिहिलेलं, शेडी सँड्सचा पाडाव, २२७७. पुढे बाण, आणि बाणापुढे स्फोटाचा ढग.

मी तिथेच थांबवलं. २२७७ मध्ये राजधानी उडाली असेल तर २२८१ मधले माझे शिपाई कुठल्या घराबद्दल बोलत होते? त्या रात्री मी न्यू व्हेगास पुन्हा लावला आणि भेटेल त्या शिपायाशी बोलत सुटलो. एकाच्याही बोलण्यात असा काही आघात नाही. ज्या मित्राबरोबर मी ती मालिका बघत होतो, तो म्हणाला, पाडाव म्हणजे उताराची सुरुवात, स्फोट बाणाच्या पलीकडचा, त्याला साल दिलेलं नाही. शिवाय हूवर धरणाची पहिली लढाई २२७७ चीच, तिथूनच रिपब्लिकचा जीव मेटाकुटीला येत गेला. मी त्याला नको ते बोललो. "तुला काहीही चालतं" असं काहीतरी.

काही दिवसांत बेथेस्डाचे टॉड हॉवर्ड यांनी स्पष्ट केलं की न्यू व्हेगास कॅनन आहे आणि बॉम्ब त्या गेममधल्या घटनांनंतर पडला. म्हणजे मित्राचं वाचन बरोबर निघालं. मी त्याची माफी मागितली. माझे शिपाई खरे ठरले, पण ते घरी परतले असतील तर कशाकडे परतले, हे आता मला माहीत आहे. वादात जिंकण्यासारखं मला जे हवं होतं ते मिळालं, आणि त्यानंतर त्यांच्याशी बोलताना फार वाईट वाटायला लागलं. एक शिपाई नुसता रजेबद्दल बोलतो. मी ते संभाषण मधेच बंद करतो.

०००

थोडक्यात लिहिते. रेसिडेंट ईव्हिल : ऑपरेशन रॅकून सिटी (२०१२). यात आपण अम्ब्रेला कंपनीच्या मारेकऱ्यांच्या बाजूने असतो आणि शेवटी मालिकेचा एक नायक लिऑन याला मारायची मुभाही मिळते. बनवणाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं की ही 'असं झालं असतं तर' अशी कथा आहे. म्हणूनच मी निर्धास्त खेळले. कॅनन असता तर माझ्या हातून तो चाप ओढला गेला नसता. एज ऑफ कॅलॅमिटीवर लिहिणाऱ्या ताईंचं म्हणणं मला इथेच पटतं, आधी सांगितलं की माणूस त्या तयारीने खेळतो.

०००

मला सोनिया बेलमाँटबद्दल लिहायचंय.

कॅसलव्हेनिया लेजेंड्स, १९९७, काळ्या-पांढऱ्या गेम बॉयवरचा. चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरणारे तोवर सगळे बाप्येच होते. यात सतरा वर्षांची मुलगी आली, आणि तीही घराण्यातली पहिली. ड्रॅक्युलाशी लढणारी पहिली बेलमाँट. मी लहान होते. 'पहिली' हा शब्द माझ्या मनात घट्ट बसला. गेम फार चांगला नाही, हे मलाही कळतं. खेळताना अडखळायला होतं, हालचाल जड आहे. पण ती होती.

मालिकेची सूत्रं ज्यांच्या हाती होती त्या कोजी इगाराशी यांनी पुढे हा गेम अधिकृत कालक्रमातून काढला. २००३ मध्ये लॅमेंट ऑफ इनोसन्स आला आणि घराण्याचा आरंभ १०९४ मधल्या लिऑन बेलमाँटकडे गेला. कारणं मी वाचली आहेत आणि ती पोकळ नाहीत. लेजेंड्समध्ये सोनिया आणि ड्रॅक्युलाचा मुलगा अलुकार्ड यांच्या प्रेमाची सूचना आहे, तिच्या मुलाच्या वंशाबद्दलही सूचना आहे, आणि ती धरली तर पुढचं सगळं घराणं ड्रॅक्युलाच्याच रक्ताचं होतं. कालक्रम लावणाऱ्याला हे अवघड जाणार हे उघड आहे.

पण वादात लोक ज्या सहजतेने "तो कचरा होता, बरं झालं" म्हणतात त्याचा मला राग येतो. तिला दुसरी संधीही मिळणार होती. सेगाच्या ड्रीमकास्ट या यंत्रासाठी रिसरेक्शन नावाचा गेम बनत होता, त्यात ती होती, तोही रद्द झाला. २०१९ च्या वर्धापन संग्रहात गेम बॉयवरचे आधीचे दोन्ही कॅसलव्हेनिया घेतले. लेजेंड्स तेवढा नाही. कालक्रमात न धरणं मी समजू शकते. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निन्टेन्डो स्विच ऑनलाइनवर आला, पण तोवर खेळायलाच न मिळणं ही वेगळी गोष्ट होती. कालक्रमाबाहेरचा गेमही माणसाला हातात घेता आला पाहिजे, नाहीतर त्याबद्दल ऐकीव मतंच तेवढी शिल्लक राहतात. 'कचरा' म्हणणाऱ्या कितीजणांनी तो खेळलाय, असं मी दरवेळी विचारते. उत्तर फारसं येत नाही.

०००

गॉड ऑफ वॉर : बिट्रेयल, २००७, बटणांच्या जावा फोनवरचा. सपाट, दुमितीय, अंगठा दुखेपर्यंत खेळलेला. माझ्याकडे प्लेस्टेशन नव्हतं, माझ्यासाठी मालिकेचा नायक क्रेटॉस म्हणजे तोच. मोठेपणी मोठे भाग खेळलेल्या मित्रांनी मला "तो मोजत नाहीत" म्हणून सांगितलं आणि मी मान्यही करून टाकलं. नंतर कळलं की तो पहिल्या आणि दुसऱ्या भागांच्या मधला, कथेत धरलेला गेम आहे. त्या दिवशी मी सगळ्यांना फोन केले.

०००

वरचं सगळं वाचून मला रॅडिकल ड्रीमर्स आठवला.

क्रोनो ट्रिगर १९९५ चा. त्यानंतर १९९६ मध्ये सॅटेलाव्ह्यू या उपग्रहावरून गेम पुरवणाऱ्या जपानी सेवेसाठी हा छोटा गेम निघाला. जवळजवळ सगळा मजकूरच. सर्ज, किड आणि मुखवटा घातलेला मगिल, असे तिघे रात्री एका हवेलीत चोरी करायला शिरतात. मगिल म्हणजे ट्रिगरमधला मेगस, बहिणीला शोधत फिरणारा. प्रक्षेपणातून आलेला गेम, सेवा बंद झाली की संपला. मी तो कित्येक वर्षांनी चाहत्यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरात वाचला. वाचलाच म्हणायचं.

१९९९ चा क्रोनो क्रॉस हा मासातो काटो यांचाच. रॅडिकल ड्रीमर्सही त्यांचाच. त्यांनी तीच बीजं घेऊन नवी कथा रचली, आणि मेगसचा धागा सोडून दिला. जुनं पुसून टाकणं त्यांना सोपं होतं. पण क्रॉसमधल्या क्रोनोपोलिस या जागेत एका ठिकाणी नोंद सापडते, दुसऱ्या एका जगाची, आणि ते जग रॅडिकल ड्रीमर्सचं आहे. पहिल्या खेपेला ती नोंद माझ्या लक्षातच आली नाही. दुसऱ्या खेपेला वाचली आणि अंगावर काटा आला. 'घडलं नाही' असं ते म्हणत नाहीत. 'इथे घडलं नाही, तिथे घडलं' असं म्हणतात. कथाच समांतर जगांची असल्यामुळे हे शोभतं, प्रत्येक मालिकेला जमेल असं नाही. मेगसवरून मात्र अजून वाद चालतात आणि मीही त्यात असतो. बहिणीचा शोध त्याने असा अर्ध्यावर सोडलेला मला चालत नाही.

एप्रिल २०२२ मध्ये क्रोनो क्रॉसची नवी आवृत्ती आली, त्यात रॅडिकल ड्रीमर्सही होता. पहिल्यांदाच अधिकृत इंग्रजीत. मी क्रॉस नंतर लावला. आधी ती हवेली, तो अंधार, ते तिघे. चाहत्यांच्या भाषांतरातली काही वाक्यं मला पाठ होती, ती नव्या मजकुरात वेगळी झालेली, आणि दर पानावर मी मनातल्या मनात दोन्ही पाठ जुळवत होतो. मगिल पहिल्यांदा बोलला तिथे थांबलो, दिवा मालवला, आणि मग पुढे वाचलं.