रविवारचा चित्रपट आणि आमचा दगडू

विषय: रविवारचा चित्रपट (आणि थोडं दगडूबद्दल)

नमस्कार मंडळी,

मंडळातर्फे रविवारी पाहिलेल्या अंतराळपटाबद्दल सगळ्यांनी कौतुकाच्या मेल टाकल्यात, त्यात मी मिठाचा खडा टाकतेय. कार्यक्रम झकासच झाला, समितीने तिकिटांपासून गाड्यांच्या सोयीपर्यंत सगळं नीट पाहिलं. माझं भांडण चित्रपटाशी आहे. तेही विज्ञानाच्या चुकांवरून नाही, हे आधीच सांगते, नाहीतर आपल्यातले समस्त इंजिनियर बाह्या सरसावून बसलेलेच आहेत.

निर्वात पोकळीत धडामधुडुम आवाज आले, चालेल. नायक दुसऱ्याच ताऱ्याच्या ग्रहावरून बायकोशी तिथल्या तिथे गप्पा मारतो, तेही सोडून दिलं. मंगळावरून निरोप यायलासुद्धा अंतराप्रमाणे ३ ते २२ मिनिटं लागतात, आणि सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा ताराही ४ प्रकाशवर्षांच्या पलीकडे. म्हणजे "जेवलास का?" विचारलं की उत्तर यायला आठ वर्षांहून जास्त. पण नवराबायकोचं बोलणं दाखवायचंच होतं तर दाखवा बापडे.

मला खटकला तो गुहेतला प्रसंग. तो परका प्राणी जखमी आहे, भेदरलेला आहे, कोपऱ्यात दबून बसलाय. नायक हेल्मेट काढतो, थेट त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो, डोळ्यांत डोळे घालून बघतो, हात पुढे करतो. व्हायोलिनं सुरू. प्राणी आपलं डोकं त्याच्या तळहातावर ठेवतो. झाली मैत्री! पुढच्या तासाभरात तो त्याच्यासाठी जीव द्यायलाही तयार. एकमेकांची भाषा नाही, वास ओळखीचा नाही, समोरचा खाणार की खाऊ घालणार हे दोघांनाही ठाऊक नाही, असे दोन जीव समोरासमोर आले तर काय होतं, हे बघायला मी गेले होते. तेवढंच नेमकं संगीतात बुडवलं.

मला हे एवढं लागलं, कारण आमच्या घरात सध्या हेच चाललंय. दगडू हा आमचा नवा कुत्रा, त्याला आम्ही भटक्या प्राण्यांच्या शेल्टरमधून आणलं. कागदावर "वय अंदाजे चार", आणि "पूर्वीची माहिती" या रकान्यात काहीच नाही. घरात पाऊल टाकलं आणि तो जो सोफ्यामागे शिरला, तो तिथेच. जेवण ठेवलं की बघायचाही नाही. आम्ही झोपल्यावर कधीतरी खायचा, सकाळी वाटी लख्ख. छत्री उघडली, झाडू उचलला, नवऱ्याने कमरेचा पट्टा काढला, की हा जमिनीला चिकटलाच. कोणी काय केलं असेल याचा अंदाज बांधायचा आणि गप्प बसायचं. त्याने सांगायचं ठरवलं तरी सांगणार कसा?

हात लावायचा नाही, बोलवायचं नाही, एवढं आम्हाला शेल्टरमध्ये बजावलं होतं. मग मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचे आणि हाताला लागेल ते मोठ्याने वाचायचे. मंडळाच्या घटनादुरुस्तीचा मसुदा अख्खा वाचून झाला. (कोणीतरी तो पूर्ण वाचला, याची इतिवृत्तात नोंद व्हावी.) गणपूर्तीच्या कलमाशी आले असेन, कोपराला काहीतरी गार, ओलसर लागलं. नाक. मी वाचत राहिले. त्याने कोपर हुंगलं, बाहीचा काठ हुंगलं, माझ्या केसांत एक फुर्रकन श्वास सोडला आणि गेला. व्हायोलिनं वाजली नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा सोफ्यामागे, जणू आपली ओळखच नाही!

हे पुन्हा सोफ्यामागे जाणं त्या चित्रपटात कुठेच नव्हतं.

आणखी एक. जहाजावर सुरुवातीला एक कुत्रा होता, नायकाच्या पायाशी झोपणारा. उतरल्यानंतर तो कुठे गेला? मला कोणी सांगेल का?

*

विषय: उत्तर: रविवारचा चित्रपट (आणि थोडं दगडूबद्दल)

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून करमणूक झाली. पण अहो, चित्रपट दोन तासांचा! त्यात एक प्राणी सोफ्यामागे बसलाय आणि बाई घटनादुरुस्ती वाचताहेत असं तीन महिने दाखवलं तर लोक पैसे परत मागतील. कथेत काळ आवळावाच लागतो. नाटकात नाही का, दिवे गेले की पाच वर्षं उलटतात. आणि तो प्राणी काय सुरेख रंगवला होता! कानांच्या जागी त्या झालरी हलायच्या ना, मी तर त्यावरच खूश. शिवाय नातवंडं पूर्ण वेळ जागी होती, यापेक्षा मोठी पावती नाही.

आता कुत्र्याचं. रागावू नका, पण तुम्ही त्याला डोक्यावर बसवून घेताय. लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो. घरात म्होरक्या कोण हे त्याला पहिल्या दिवशी कळायला हवं. आधी तुम्ही जेवा, मग त्याला द्या. दारातून आधी तुम्ही. गुरगुरला तर तिथेच दम भरा. आमच्या वेळचे कुत्रे असेच सरळ झाले. आणि अंतराळातला कुत्रा म्हणाल तर माझ्या पिढीला एकच माहीत, लायका. तिचे कोणी असले लाड केले होते का? तरी इतिहासात नाव झालं.

*

विषय: उत्तर: उत्तर: रविवारचा चित्रपट (आणि थोडं दगडूबद्दल)

काका, ताई, दोघांनाही नमस्कार. मी सुटीच्या दिवशी शेल्टरमध्ये कुत्रे फिरवायला जाते, म्हणून मध्ये तोंड घालते.

काका, म्होरक्याची गोष्ट कुठून आली ते सांगते. रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास केला, तो १९४७ साली छापून आला. एकमेकांशी नातं नसलेले प्राणी एका कुंपणात, मग मारामाऱ्या होणारच. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती कल्पना जगभर गेली. पुढे याच मीच यांनी उत्तर ध्रुवाकडच्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले, आणि १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आईबाप आणि पिल्लं. तिथे म्होरकेपणासाठी रोज झोंबाझोंबी चालत नाही. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते स्वतः प्रकाशकाच्या मागे लागले होते. त्यामुळे दगडूच्या आधी जेवा किंवा नंतर, त्याला त्यातून काही कळणार नाही. वेळेवर मिळालं की त्याचं भागलं.

आणि गुरगुरण्यावर दम भरणं फार महागात पडतं. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबली की भीती जात नाही, फक्त आवाज जातो. मग असा कुत्रा एक दिवस न सांगता चावतो आणि सगळे म्हणतात, "काही कारण नसताना चावला."

ताई, त्या गुहेबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. अनोळखी कुत्र्यासमोर सरळ उभं राहून डोळ्यांत बघणं ही त्याच्या लेखी धमकी. त्यात वरून हात आला की संपलंच. तो मान वळवेल, नाक चाटेल, झोप नसताना जांभई देईल, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागेल. हे सगळं "लांब राहा" याच अर्थाचं, आणि आपल्याला वाटतं की बघा, कसा लाजतोय! डोळ्यांत बघणं वाईट असंही नाही. जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक, वाढतं. माणसांनी हाताने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये तसं झालं नाही. पण हे ओळख मुरल्यानंतरचं. चित्रपटवाल्यांनी शेवटची पायरी पहिली केली.

दगडूसाठी एक युक्ती. खाऊ त्याच्या पुढ्यात टाकून त्याला जवळ ओढायचं नाही. त्याच्या मागे टाकायचा. म्हणजे खाऊ घ्यायला त्याला तुमच्यापासून लांब जावं लागतं, पोटात भीतीचा गोळा असताना खाऊच्या लोभाने माणसाजवळ यावं लागत नाही. बहुतेक कुत्रे खाऊन आपणहून वळून येतात. आणि हात लावू द्यायला लागला की छातीला जरासं खाजवा आणि थांबा. तो आणखी टेकला तर पुढे, नाहीतर हात मागे.

शेल्टरमध्ये तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब सांगतात: धक्का ओसरायला, दिनक्रम कळायला, घर आपलं वाटायला. हिशेब ढोबळ आहे. माझ्या हातून गेलेल्या एका कुत्रीला वर्ष लागलं, आणि एक पठ्ठ्या पहिल्याच रात्री पलंगावर उताणा झोपला.

फिरायला नेताना गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्ही घाला, दोन दोऱ्या. घाबरलेला कुत्रा उलटा सरकून गळपट्ट्यातून डोकं कसं काढतो ते एकदा बघितलं की विसरत नाही. नवीन कुत्रे हरवतात ते बहुतेक असेच, नाहीतर उघड्या दारातून.

*

विषय: यादीबाबत सूचना

सप्रेम नमस्कार.

चर्चा उत्तम चालू आहे, चालू द्यावी. मात्र केवळ "सहमत" किंवा अंगठा पाठवण्यासाठी सगळ्यांना उत्तर देऊ नये. कालपासून अशा मेलनी अनेकांच्या पेट्या भरल्या आहेत. घटनादुरुस्तीच्या मसुद्यावर हरकती असल्यास त्या स्वतंत्र पाठवाव्यात.

— यादी व्यवस्थापक

*

विषय: लायका, दगडू आणि शनिवारची बैठक

काका, नमस्कार.

काळ आवळण्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. दिवे जाऊन पाच वर्षं उलटली तर माझी ना नाही, पण दिवे परत आल्यावर पात्रांच्या अंगावर ती पाच वर्षं दिसायला हवीत ना! एवढंच दाखवलं असतं तरी चाललं असतं: प्राणी हातावर डोकं ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला बघून गुहेत पळतो. अर्ध्या मिनिटाचं काम. प्रेक्षकाला तेवढ्यात कळलं असतं की हे अवघड आहे. मग शेवटी त्याने जीव दिला असता तर मी रुमाल काढला असता. झालरींचं काम सुंदर होतं, कबूल. तेवढ्याच मेहनतीने कोणी पटकथाही लिहायला हवी होती.

लायकाचं तुम्ही काढलंत म्हणून लिहिते. तीही मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकीच. रस्त्यावरचे कुत्रे थंडी आणि उपास काढतात, म्हणून ते निवडायचे. बंद डब्यात राहायची सवय व्हावी म्हणून त्यांना टप्प्याटप्प्याने लहान लहान पिंजऱ्यांत ठेवत. ३ नोव्हेंबर १९५७ ला स्पुटनिक-२ या सोव्हिएत यानातून ती अंतराळात गेली. परत आणायची सोय त्या यानात नव्हतीच. ती काही दिवस जगली असं तेव्हा सांगितलं गेलं. प्रत्यक्षात उष्णतेने काही तासांतच गेली, हे जगाला कळायला २००२ उजाडलं. आणि लाडांचं विचाराल, तर झाले होते. उड्डाणाच्या आधी व्लादिमिर याझदोव्स्की या शास्त्रज्ञाने तिला आपल्या घरी मुलांशी खेळायला नेलं होतं. तिच्यासाठी काहीतरी चांगलं करावं असं त्याला वाटलं. इतिहासात नाव होण्यापेक्षा तिला त्या घरातली दुपार जास्त आवडली असेल, असं माझं आपलं मत. बेल्का आणि स्त्रेल्का या दोन कुत्र्या १९६० मध्ये अंतराळातून सुखरूप परत आल्या, स्त्रेल्काला पुढे पिल्लंही झाली आणि त्यातलं एक अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या घरी गेलं. या सगळ्यात कितीतरी चित्रपट दडलेत. आमच्या चित्रपटाने मात्र जहाजावर कुत्रा ठेवला आणि तो तिथे आहे हेच विसरले. तो कुठे गेला हे अजून कोणीच सांगितलेलं नाही!

मागे खाऊ टाकायची युक्ती लागू पडली. दगडू आता खाऊ घेऊन वळतो आणि दोन पावलांवर येऊन बसतो, तोंड भिंतीकडे, कान माझ्याकडे. नवऱ्याने पट्टा काढायला आतल्या खोलीत जायची सवय लावून घेतलीय. दोन दोऱ्यांचा सल्ला तर अगदी वेळेवर आला. परवा कचऱ्याची गाडी खडखडली तसा तो गळपट्ट्यातून निसटलाच होता, हार्नेसने धरून ठेवला.

शनिवारी समितीची बैठक आमच्याकडे आहे, म्हणून येणाऱ्यांना विनंती. बेल वाजवू नका, खालून फोन करा. आत आल्यावर दगडूकडे बघू नका, त्याला हाक मारू नका, बसून घ्या. गुरगुरला तर तिथेच थांबा, मी बघते. काका, तुम्ही जरूर या, खिडकीजवळची खुर्ची तुमची. छत्री आणली असेल तर ती बाहेरच्या कठड्याला अडकवा, आणि फाटक लागलं की नाही ते बघूनच दार उघडा.