स्थलांतरातले छोटे पक्षी झोपेची उधारी फेडतात तरी कधी?

रानोमाळ:
पक्ष्यांच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय, स्थलांतर करणारे सगळे पक्षी म्हणे अर्धा मेंदू बंद करून उडता उडता झोपतात. अहो, उडताना मोजलंय ते फ्रिगेटबर्ड या समुद्रपक्ष्यावर, २०१६ मधे, गॅलापागोस बेटांवर. तो केवढं धूड! आणि तोही हवेत दिवसाला जेमतेम ४२ मिनिटं झोपला, जमिनीवर मात्र १२ तासांच्या वर. ते चिमणीएवढ्या जिवाला कशाला चिकटवायचं? माझं मत विचाराल तर छोट्या पक्ष्यांची सीझनमधे झोपेची गरजच उतरते. अलास्का ते कॅलिफोर्निया ये-जा करणारी व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो घ्या, २००४ च्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अभ्यासात ती पिंजऱ्यात ठेवून मेंदूच्या लहरी मोजल्या, तर स्थलांतराच्या दिवसांत झोप जवळपास दोन तृतीयांशाने कमी, एरवी प्रवास रात्रीचा, इथे जायचं कुठेच नाही तरी रात्री फडफड चालूच. दाण्यासाठी ठरावीक क्रमाने बटणांवर चोच मारायची होती, त्यात काही बिघडलं नाही. तेच पक्षी हिवाळ्यात मुद्दाम जागवले तर चुका वाढल्या. मग?

पाळीवाला:
मग काय, एका पेपरात पास झाले म्हणून सगळ्यात पास का? मी पण नाईटला रजिस्टर बिनचूक भरतो आणि सकाळी घरी येऊन चहात मीठ घालतो. स्वेनसन्स थ्रश या दुसऱ्या छोट्या स्थलांतरी पक्ष्यावर पण पिंजऱ्यातच काम झालंय, तो दिवसा काही सेकंदांच्या डुलक्या काढत राहतो, कधी एकच डोळा मिटून, अर्धा मेंदू जागा. गरज उतरली असती तर डुलक्या कशाला लागल्या असत्या?

रानोमाळ:
पाचदहा सेकंदांच्या डुलक्यांनी अख्खी रात्र भरून निघते होय? मग माझी तर ऑफिसातच भरते.

वटवट्या:
तुम्ही दोघंही पोट विसरलात. इटलीच्या पोंझा बेटावर समुद्र ओलांडून गार्डन वॉर्बलर नावाचे छोटे पक्षी उतरतात, तिथलं २०१९ चं काम बघा. चरबी संपलेले पक्षी जास्त झोपतात, तेही मान वळवून चोच पिसांत खुपसून, म्हणजे डोक्यातून ऊब कमी जाते. पण आवाज झाला तर उशिरा हलतात, तेवढ्यात बहिरी ससाणा हजर! गुबगुबीत असतात ते मान पुढे ठेवून सावध झोपतात. म्हणजे कॅलेंडर एकटं ठरवत नाही, अंगावर किती शिल्लक आहे तेही ठरवतं. पिंजऱ्यातल्या स्पॅरोला दाणा आयता, तिला कसली चिंता.

पाळीवाला:
हे पटलं. तरी उधारी आहेच, फक्त फेडायची ऐपत प्रत्येकाची वेगळी.

रानोमाळ:
पिंजऱ्याचा मुद्दा मान्य. पण हिवाळ्यात जागवल्यावर गडबडलेले पक्षी पण त्याच पिंजऱ्यात होते, दाणापण तोच. त्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाहीये.

गच्चीवरची:
आमच्या टाकीवर ऑक्टोबरात करडा धोबी येतो, काल दुपारी एक डोळा मिटून बसला होता, मी दोरीवरचे कपडे काढेपर्यंत तसाच. अर्धा झोपला असणार ना?

रानोमाळ:
ताई, दुसरा डोळा दिसत होता का तुम्हाला?

गच्चीवरची:
नाही हो, तो भिंतीकडे होता.