मुलगा पाच वर्षांचा, पाय दुखतो, फिका पडलाय : पहिली तपासणी कोणती? (बजेट १५००)

मनीषनगरची_आई: नमस्कार, नागपूरहून लिहितेय. तीन आठवडे झाले, ताप येतो-जातो. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. रात्री उजवा पाय दुखतो म्हणून रडत उठतो, दिवसा लंगडतो. ओठ पांढुरके, पोटावर-पाठीवर निळे डाग, पडल्याचं आठवत नाही. शेजारीण हळूच 'कॅन्सर' म्हणाली, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. आधी काय तपासायचं, कुठे? बजेट दीड हजार.

तर्रीपोहे: काऊन घाबरून रायल्या ताई? वाढीचं दुखणं आहे. माझ्या पोराले सहा महिने होतं. तिळाचं तेल चोळलं, गेलं.

धंतोलीकर: तेलानं निळे डाग जातात का भाऊ? धंतोलीत मोठ्या डॉक्टरला दाखवा. आम्ही फुल बॉडी पॅकेज केलं, साडेसहा हजार, ऐंशी टेस्ट, व्हिटॅमिन डीसकट.

मनीषनगरची_आई: बजेट दीड हजार लिहिलंय.

धंतोलीकर: पोरापेक्षा पैसा मोठा आहे का?

उमरेडची_आत्या: त्या ऐंशीत सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची, टेस्ट होती का? आपल्या विदर्भात आधी तेच बघावं. माझ्या भाच्याचे हातपाय दुखायचे, पोरगा फिका, अन् सगळे संधिवात संधिवात करत बसले. रक्ताची साधी सोल्युबिलिटी टेस्ट, मग पक्कं करायला एचपीएलसी. सरकारी दवाखान्यात होते.

स्लाइडवाला: वीस वर्षं लॅबमध्ये काढली, डॉक्टर नाही. आत्याबाई, सिकलसेल बघाच, पण न पडता उठणारे डाग त्यात सहसा नसतात. तर्रीभाऊ, वाढीचं दुखणं दोन्ही पायांत, रात्रीपुरतं. सकाळी पोरगं धावतं. एकच पाय, लंगडणं, वर ताप आणि फिकेपणा, हे ते नव्हे. ताई, आजच सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि पेरिफेरल स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करा. स्मिअर पॅथॉलॉजिस्टनं स्वतः बघितलेला हवा, नुसता मशीनचा कागद नको. ब्लड कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्याच असतात असं नाही, कमीही असतात. दोन्ही मिळून तुमच्या बजेटात बसतं. आणि निदान होईपर्यंत कोणी स्टेरॉइड दिलं तर घेऊ नका. ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर, तात्पुरता दबतो, मग बोनमॅरोत (हाडातल्या मगजात) तपासूनही नीट सापडत नाही.

निवृत्त_मास्तर: माझ्या नातवाचं मीच ओळखलं. फ्लॅश मारून फोटो काढला, एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकली. डोळ्याचा कॅन्सर. वेळेवर कळलं म्हणून डोळा वाचला.

तर्रीपोहे: फ्लॅशमध्ये सगळ्यांचेच डोळे लाल येतात मास्तर.

निवृत्त_मास्तर: लाल नव्हे, पांढरं लिहिलंय. चष्मा लावून वाचा.

सक्करदऱ्याचा_भाऊ: नागपुरात वेळ नका घालवू, सरळ मुंबई, टाटा. आणि सुई टोचू देऊ नका, सुई लागली की पसरतो.

स्लाइडवाला: भाऊ, बोनमॅरोच्या सुईनं रक्ताचा कॅन्सर पसरत नाही, तो मुळातच रक्तात असतो. सुईशिवाय निदान होत नाही, प्रकार कळत नाही, औषध ठरत नाही. आणि मुंबईच कशाला? मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना आहे, मिहानला एम्स आहे, जामठ्याला कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे.

धंतोलीकर: मेडिकलच्या रांगेत उभं राहून पोरगं अजून आजारी पडेल. धंतोलीत अपॉइंटमेंट मिळते. पार्किंग मिळत नाही, ते वेगळं.

उमरेडची_आत्या: सिकलसेल बघा म्हणून मी आधीच सांगितलं होतं.

मनीषनगरची_आई: कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये दोन्ही केलं, सहाशे लागले. हिमोग्लोबिन ७.२, प्लेटलेट ४१ हजार. स्मिअरखाली 'ब्लास्टसदृश पेशी' लिहिलंय. पॅथॉलॉजिस्ट बाईंनी स्वतः फोन करून 'आजच दाखवा' म्हटलं. आम्ही मेडिकलला चाललो. मावसबहीण तिथे नर्स आहे, रांगेचं तिच्यावर सोपवलंय.

धंतोलीकर: विचार करा अजून.

स्लाइडवाला: बरोबर करताय. ब्लास्ट म्हणजे अपक्व रक्तपेशी, ल्युकेमियात त्या दिसतात. ओपीडीची वेळ गेली असेल तर कॅज्युअल्टीत जा. वाटेत ताप आला तर पॅरासिटामॉलच, ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन नको, प्लेटलेट कमी आहेत. स्नायूत इंजेक्शनही नको. आधार, रेशनकार्ड घ्या, जन आरोग्य योजनेला लागेल. लॅबमधून काचेची स्लाइड मागून घ्या, तिथले डॉक्टर स्वतः बघतील.

सक्करदऱ्याचा_भाऊ: या वयातला ल्युकेमिया बरा होतो म्हणे. खरं का?

स्लाइडवाला: लिम्फोब्लास्टिक प्रकारचा ल्युकेमिया असेल आणि उपचार अर्धवट सोडले नाहीत तर बहुतेक मुलं बरी होतात. पण औषध दोन-अडीच वर्षं चालतं. आणि आधी निदान तर होऊ द्या.

तर्रीपोहे: ताई, तेलाचं लिहिलं ते मागे घेतो. रक्त लागलं तर सांगा, ओ पॉझिटिव्ह आहे, मेडिकल चौकातच राहतो.

मनीषनगरची_आई: स्लाइड घेतली, रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलीय. रिक्षात आहोत. तो विचारतोय, परत येताना संत्र्याची बर्फी घेऊ का.