मदत देतो, पण तुमची माणसं तिकडेच अडवा: हा सौदा योग्य आहे का?

गोदाकाठ (धागाकर्ता):
नोव्हेंबर २०१५ मध्ये माल्टातल्या व्हॅलेटा इथे युरोप-आफ्रिका परिषद झाली आणि युरोपीय संघाने आफ्रिकेसाठी आपत्कालीन निधी काढला. सुरुवात १.८ अब्ज युरोंची, पुढे तो ५ अब्जांच्या घरात गेला. उद्देश काय, तर स्थलांतराची 'मूळ कारणं' दूर करणं. पण त्यातला बराच पैसा गेला स्थलांतर रोखण्यावर आणि सीमा राखण्यावर.
नायजरमध्ये त्याच वर्षी कायदा झाला आणि अगादेझहून लिबियाच्या दिशेने माणसं नेणारे गाडीवाले गुन्हेगार ठरले. त्या गावाचं पोटच त्या धंद्यावर होतं. जुलै २०२३ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि नोव्हेंबरात कायदा रद्द करून टाकला. इतका पैसा ओतून हाती काय लागलं? गरिबांच्या नावाचा पैसा पहाऱ्यावर खर्च करणं मला तरी चुकीचं वाटतं.

सातपूरकर:
असहमत. पैसा त्यांचा, अट त्यांची. दलाल माणसं वाळवंटात सोडून पळतात, त्यांना धरायला पैसा दिला तर बिघडलं कुठे? युरोपातला करदाता विचारणारच ना, आमचे पैसे जातात तर आम्हाला काय मिळतं? जुलै २०२३ मध्ये ट्युनिशियानेही हिशेब करूनच युरोपीय संघाशी झालेल्या करारावर सही केली. त्यात स्थलांतर रोखण्यासाठी १०.५ कोटी युरो होते. कुणी बंदूक रोखली नव्हती.

गोदाकाठ:
करदात्याचंच बोलू या. २०२३ मध्ये ब्रिटनच्या परदेशी मदतीतले सुमारे २८ टक्के, म्हणजे ४.३ अब्ज पौंड, ब्रिटनमध्येच निर्वासितांवर आणि आश्रय मागणाऱ्यांवर खर्च झाले. हॉटेलांची बिलंही त्यातच. पहिल्या वर्षाचा असा खर्च 'विकास मदत' म्हणून दाखवायला ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचे नियम परवानगी देतात. गरीब देशाच्या खात्यात नाव, पैसा मात्र घरातल्या घरात.

पाणलोट_काका (संगमनेर, आता मुक्काम नाशिकरोड):
अट वाईट नसते रे बाबांनो, कसली अट आहे ते बघा. आमच्याकडे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम आला तेव्हा जर्मनीचा पैसा नाबार्डमार्फत यायचा. अटी कडक होत्या: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. दरेवाडीत सुरुवातीला मेंढपाळ भडकले होते, डोंगर बंद केला तर मेंढरं न्यायची कुठे? मग टप्प्याटप्प्याने चराई बंद करायचं ठरलं. चर खोदले, बांध घातले, विहिरींना पाणी आलं, आणि कामासाठी गाव सोडून जाणं कमी झालं. 'आमच्या देशात येऊ नका' असं कुठल्याही कागदावर लिहिलं नव्हतं.

द्राक्षबाग_दिंडोरी:
काका, मान राखून सांगतो, दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरताय. पेठ-सुरगाण्याचा माणूस गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात येतो, तिथून आमच्या बागेत. तो जर्मनीला जात नाही. परदेशी जातो तो नाशिक शहरातल्या सिडकोतला, ज्याच्या बापाकडे तारण ठेवायला फ्लॅट आहे. मायकेल क्लेमेन्स या अर्थतज्ज्ञाने बऱ्याच देशांचे आकडे लावून हेच मांडलंय: दरडोई उत्पन्न ८ ते १० हजार डॉलरपर्यंत जाईतो बाहेर जाणारे वाढतात, त्यानंतर कमी होऊ लागतात. मग विकास केला की लोक थांबतील, ही युरोपची गणितं पहिल्याच पायरीवर चुकतात.

सातपूरकर:
मग तर अडवणंच भाग आहे ना? तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात, धन्यवाद 😀

द्राक्षबाग_दिंडोरी:
किंवा सरळ दार उघडा. जर्मनीने तेच केलं. डिसेंबर २०२२ चा भारत-जर्मनी करार बघा: कुशल माणसांना वाट मोकळी, कागदपत्रांशिवाय राहणाऱ्यांना परत घ्यायचं आपण कबूल केलं. २०२४ मध्ये कुशल भारतीयांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेतो म्हणाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, १० हजार तरुण पाठवण्याचा.

नर्सची_आई:
माझी मुलगी नर्स आहे, जर्मन भाषेच्या बी-१ परीक्षेला बसतेय. रात्रपाळी करून आली की डोळे मिटत असतात, तरी हातात डेर-डी-दासची वही. एका एजंटाने आधी पैसे मागितले होते, सरकारी मार्गाने जायचं कळल्यावर फोन उचलणं बंद. आम्हाला तरी करार हवाय.

पाणलोट_काका:
ताई, मुलीला शुभेच्छा. पण जर्मनीच्या नर्स योजनेचं नाव 'ट्रिपल विन' आहे: त्यांचं हॉस्पिटल, नर्स आणि नर्सचा देश, तिघांचा फायदा. केरळने २०२१ मध्ये त्यांच्याशी करार केला. तिसऱ्याला काय मिळतं, घरी येणारे पैसे सोडून? तयार नर्स घ्यायची असेल तर इथल्या नर्सिंग कॉलेजात शिक्षक आणि प्रयोगशाळा द्या, ही अट आपण का घालत नाही? जिल्हा रुग्णालयात पेशंट कोण बघणार?

सातपूरकर:
घाला अट. जर्मनी उठून फिलिपिन्सला जाईल.

पाणलोट_काका:
तिकडे २०१३ पासून जातोच आहे, तरी इकडे आला. गरज त्याची आहे.

नर्सची_आई:
अटी घाला काका, पण पोरीची परीक्षा होऊ द्या आधी.