रिपन धबधब्याचा जुना फोटो कुणाकडे आहे का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. युगांडात जिंजाजवळ व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल बाहेर पडते, तिथे पूर्वी रिपन धबधबा होता. १८६२ मध्ये तिथे पोचलेल्या स्पीक या इंग्रज शोधप्रवाशाने त्याला हे नाव दिलं (हाच रिपन पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय झाला). १९५४ मध्ये खालच्या अंगाला ओवेन फॉल्स धरण पूर्ण झालं आणि धबधबा पाण्याखाली गेला. गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १९४८ मध्ये इथेच विसर्जित केला होता, म्हणजे तेव्हा धबधबा वाहता होता! हे लक्षात आल्यापासून चैन पडत नाहीये. कुणाचे आजी-आजोबा त्या काळी जिंजा-कंपालाकडे होते का? घरच्या अल्बममध्ये त्याचा फोटो असेल, किंवा त्याच्या आवाजाबद्दल कुणी काही सांगितलेलं आठवत असेल, तर कृपया कळवा.